चौदावा डबा

आधीच सांगून टाकतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीनंतर शाळा सुटली. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी, हे मला अजूनही अंदाजानेच लिहावं लागतं. शब्दही साधेच आहेत, घरी आणि कामावर वापरतो तेच. चुकलं तर माफ करा आणि पुढे वाचा.

मी निलेश. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत एका साउंड सर्व्हिसमध्ये कामाला आहे. लग्न, जयंती, शाळेचं गॅदरिंग, जिथं माइक लागतो तिथं मी असतो. हिवाळ्यात तीन दिवस मात्र माझं काम वेगळं असतं. आमच्याकडे जुन्या सिनेमांचा महोत्सव भरतो, त्याचा ऑपरेटर मी. महोत्सव हा शब्द मोठा आहे आणि आमचा हॉल लहान. एकशेवीस खुर्च्या, एक पांढरा पडदा, मागच्या टेबलावर प्रोजेक्टर आणि लॅपटॉप, आणि दाराबाहेर चहाची शेगडी.

प्रोजेक्टरच्या मागे एक बारीक जाळी असते. तीन दिवसांत तिच्यावर धुळीचा थर बसतो. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही, मशीन हवा ओढते आणि धूळ आपोआप येऊन बसते. किस्से तसेच जमतात. मी फार बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच जमले. पाच वर्षं झाली. आता एकदा जाळी झटकून घेतो.

*

महोत्सव वानखेडे सरांचा. सर मराठीचे निवृत्त शिक्षक. ते सिनेमाला सिनेमा म्हणत नाहीत, चित्रपट म्हणतात, आणि प्रत्येक चित्रपटाआधी वीस मिनिटं बोलतात.

पहिल्या वर्षी पहिल्याच दिवशी सर बोलत होते आणि मी टेबलाखाली वायरी जोडत होतो. त्यामुळे ते काय बोलले ते मी ऐकलंच नाही. सिनेमा सुरू केला. चित्र आलं, आवाज नाही.

मागून लोक म्हणाले, "अय भाऊ, आवाज!"

मी केबल बदलली. मग दुसरी केबल बदलली. ॲम्प्लिफायर बंद करून चालू केला. खुर्च्यांच्या मधून रांगत पडद्यापर्यंत गेलो, स्पीकरला कान लावला. जानेवारीत माझा शर्ट घामाने भिजला. पहिलंच काम, आणि हे असं. अर्धा सिनेमा गेल्यावर सरांच्या खुर्चीजवळ जाऊन खाली बसलो.

"सर, माफ करा. आवाज येतच नाहीये."

सर माझ्या कानाशी वाकले. "निलेश, हा मूकपट आहे. याला आवाज नाही."

"कधीपासून?" मी विचारलं.

"शंभर वर्षांपासून," सर म्हणाले.

ही गोष्ट सरांनी आजपर्यंत कोणाला सांगितली नाही. म्हणून मीच सांगतोय.

*

मेश्राम मॅडम आमच्या सेक्रेटरी. सरकारी कचेरीत नोकरीला आहेत, पण ते तीन दिवस रजा टाकून हॉलवर असतात. बोलायला मी जितका मागे, तितक्या त्या पुढे.

दुसऱ्या वर्षी सरांनी एक जपानी सिनेमा आणला. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. हॉलच्या आजूबाजूच्या बाया, शेतातून परत आलेली माणसं, कॉलेजची चार पोरं, असे सगळे बसले होते. पाच मिनिटांत चुळबुळ सुरू झाली. मॅडम उठल्या, माझ्या टेबलावरचा माइक घेतला आणि वाचायला लागल्या.

"पोरगा म्हनते, बाबा, मी शहरात जातो. बाप म्हनते, जाय. तोंडानं म्हनते जाय, पन मनात नाई हाय त्याच्या."

शेवटचं वाक्य पडद्यावर लिहिलेलंच नव्हतं. सर पुढच्या रांगेतून मागे वळले. "मॅडम, जेवढं लिहिलंय तेवढंच वाचा."

मॅडम माइकवरच म्हणाल्या, "सर, लिहिलेलं कमी पडून राह्यलं."

सिनेमा संपला तेव्हा पुढच्या दोन रांगा डोळे पुसत होत्या. बाहेर पडताना एक काका दुसऱ्याला म्हणाले, "जपानचे लोक आपल्यावानीच बोलतात, मले आज मालूम पडलं."

पुढच्या वर्षी आम्ही हिंदी सिनेमा लावला. हिंदी आमच्याकडे सगळ्यांना येतं. तरी सुरू होताच तेच काका उठून माझ्याकडे आले. "मॅडम कुठं हाय?"

मी म्हटलं, "काका, हा हिंदी आहे. समजतो ना."

"समजते," ते म्हणाले, "पन बराबर नाई वाटत."

*

चहाला उकळी आली की इंटरव्हल, हा मॅडमचा नियम. सिनेमा कुठे पोचलाय याच्याशी त्याचा संबंध नाही. दारातून मॅडमचा हात वर झाला की मी थांबवायचं.

एकदा खुनाचा सिनेमा होता. इन्स्पेक्टरने सगळ्यांना एका खोलीत जमवलं, बोट वर केलं आणि म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे, आणि त्याचं नाव..." दारात मॅडमचा हात वर झाला.

चहा वीस मिनिटं चालला. कपबशा हातात घेऊन सगळ्या हॉलने विचार केला, आणि जमीनदारानेच खून केला असं एकमताने ठरलं. सरांनीसुद्धा मान हलवली. पुन्हा सिनेमा लावला, तर खुनी निघाला डॉक्टर. जमीनदार बिचारा त्या दिवशी गावातच नव्हता.

मागच्या रांगेतला एक जण शांतपणे म्हणाला, "चहा पाजला नसता तं एवढा इचारच केला नसता, अन् चुकलोबी नसतो."

*

तिसऱ्या वर्षी पुंडलिकबाबा आले. हिंगणघाटच्या एका टॉकीजमध्ये त्यांनी तीस-बत्तीस वर्षं ऑपरेटरचं काम केलं. टॉकीज बंद पडली, आता ते आणि कौसल्याआजी मुलीकडे बोरगाव मेघेला राहतात. महोत्सवाच्या दिवसांत बाबा रोज सकाळी हॉलवर येतात आणि आधी समोरच्या सलूनमध्ये दाढी करतात. सलूनवाला हिंगणघाटचा आहे, त्यामुळे दाढी पाच मिनिटं आणि गप्पा पंचवीस मिनिटं. ऑपरेटरला कोणी पाहत नाही, मग रोज दाढी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, "सिनेमा तं पायते ना आपल्याले."

पहिल्या दिवशी त्यांनी प्रोजेक्टर पाहिला. "एवढंच? अन् रीळ कुठं ठेवतं?"

मी पेन ड्राइव्ह दाखवला. त्यांनी तो तळहातावर घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला. "आमचा सिनेमा चौदा डब्यांत ये. रेल्वेतून उतरवाले हमाल लागे. अन् तू याले खिशात घेऊन फिरतं?"

सिनेमा सुरू झाला आणि बाबा माझ्या शेजारी बसून पेंगायला लागले. थोड्या वेळाने एकदम जागे झाले आणि माझ्या गुडघ्यावर जोरात हात मारला. "बदल!"

मला तेव्हा माहीत नव्हतं. जुन्या सिनेमात दर दहा-अकरा मिनिटांनी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका दिसतो, डोळा मिटायच्या आत जातो. तो ऑपरेटरसाठी असायचा. हा डबा संपतोय, दुसऱ्या मशीनवर पुढचा चालू कर, एवढं सांगायला. बाकी कोणाला तो दिसत नाही. बाबांना झोपेतही दिसतो.

"बाबा, यात बदलायचं काही नसतं," मी म्हटलं.

"सवय हाय बे," ते म्हणाले, आणि दहा मिनिटांनी पुन्हा मारला.

इंटरव्हलपर्यंत माझा गुडघा निळा झाला. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून एक लाल बटण आणलं, लाकडाच्या फळीवर बसवलं आणि बाबांच्या मांडीवर ठेवलं. "ठिपका आला की हे दाबा."

ठिपका आला. बाबांनी बटण दाबलं, खट. सिनेमा पुढे सरकला, तो तसाही सरकणारच होता. संध्याकाळपर्यंत बाबांनी तीन सिनेमे असे चालवले. उठताना चेहरा उजळला होता. "आज एकबी जोड चुकला नाई."

"नाही बाबा, सगळे बरोबर."

मग त्यांनी फळी उलटी करून पाहिली. "याची वायर कुठं हाय?"

"वायरलेस आहे," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फळीकडे पाहिलं. "असं," म्हणाले. तेव्हापासून ते बटण त्यांचंच आहे.

*

आता सर आणि मालतीकाकू यांचं भांडण. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, माहेर हिंगणघाटचं. चाळीस वर्षांचा संसार, आणि भांडण फक्त एका सिनेमावरून. आम्ही त्याला स्टेशनवाला सिनेमा म्हणतो.

त्यात एक आई आहे. तिचा मुलगा रागावून घर सोडून जातो. ती रोज भाकरीचा डबा बांधून स्टेशनवर जाते, गाडी येते, मुलगा उतरत नाही, ती परत येते. असे किती हिवाळे-उन्हाळे जातात. मग एक दिवस पत्र येतं की अमुक गाडीने येतोय. आई स्टेशनवर जाते. लांबून धूर दिसतो. आई डबा घेऊन उठते आणि गाडीकडे धावत सुटते.

"अन् संपला," काकू म्हणतात. "पोरगा आला."

"संपत नाही," सर म्हणतात. "गाडी थांबते. मुलाचा मित्र उतरतो. त्याच्या हातात मुलाची ट्रंक असते. मुलगा वारला आहे."

"तुमाले चांगल्या गोष्टीचं वाईट करायची सवयच हाय."

"मी वर्ध्याच्या टॉकीजमध्ये दोनदा पाहिलाय."

"मी हिंगणघाटले मायसोबत पाच वेळा पाह्यला."

सरांनी चौकशीही केली. लग्नाकार्यात हिंगणघाटची म्हातारी माणसं भेटली की विचारायचे. सगळे म्हणायचे, मुलगा आला. वर्ध्याचे सगळे म्हणायचे, ट्रंक आली. सर डोक्याला हात लावून बसायचे. "तासाभराच्या रस्त्यावर चित्रपटाचा शेवट बदलतो कसा?"

या वर्षी सरांना त्या सिनेमाची स्वच्छ कॉपी मिळाली. मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर केलं, "शनिवारी दुपारी तीन वाजता. चाळीस वर्षांचा निकाल त्या दिवशी लागेल."

"लागू द्या," काकू म्हणाल्या. "हारलं तं महिनाभर सकाळचा चहा तुमी करायचा."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. मी पाहिलं, कारण मी हसणाऱ्यांपेक्षा न हसणाऱ्यांकडे जास्त पाहतो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दुकानात आले. मालक बाहेर जाईपर्यंत स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले, "निलेश, सरांच्या घरचं ते भांडन माह्यामुळं हाय."

मी सोल्डरिंग बाजूला ठेवलं.

"तो सिनेमा आमच्या टॉकीजले लागला, त्याच्या दोन महिने आधी आमचा विनू गेलता. सहा वर्साचा. तीन दिवस ताप, बस. कौसल्या घराच्या बाहेर पडत नव्हती. धड जेवत नव्हती. शेजारच्या बायांनी ठरवलं का तिले दुपारच्या बायकांच्या खेळाले घेऊन यायचं." बाबांनी दाराकडे एकदा पाहिलं. "शुक्रवारी पयला खेळ मी चालवला. तो मित्र ट्रंक घेऊन उतरला, अन् मी भिंतीकडं तोंड करून उभा राह्यलो. रीळ संपून पट्टी फडफड करे तोवर वळलो नाई. पुढं काय झालं, मले मालूमच नाई."

"मग?"

"मंग दुसऱ्या खेळापासून चौदावा डबा उघडलाच नाई. तेराव्याच्या शेवटी गाडी येते, माय धावते. तिथंच लाइट लावला. चार हप्ते चालला सिनेमा, कोनी तक्रार नाई केली. लोकं खुशीत घरी जात. कौसल्या पयल्यांदा पाहून आली, त्या रातच्याले पोटभर जेवली. मंग पुन्हा गेली, पुन्हा गेली. तिच्यासाठीच केलं मी ते. मंग सिनेमाची पेटी वर्ध्याले आली तं इथल्या ऑपरेटरनं सगळे डबे लावले."

मी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

"कौसल्या शनिवारी येनार हाय. नवं लुगडं काढून ठेवलं तिनं. पन्नास वर्सं झाली, ते म्हनते त्या मायचं पोरगं आलं." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "आलेलं पोरगं आता परत कसं पाठवू?"

"पण बाबा, सर..."

"तुह्या हातात हाय. थांबवजो," बाबा म्हणाले आणि उठले. दारात पुन्हा वळले. "नाई जमलं तं नाई जमलं. तू वाईट नको वाटून घेऊ."

*

सरांशी समोरासमोर बोलायची माझी हिंमत नव्हती. सर म्हणतात, चित्रपट म्हणजे दिग्दर्शकाचं वाक्य, ते मधेच तोडायचं नाही. त्यात त्यांची चाळीस वर्षांची पैज. म्हणून मी चिठ्ठी लिहिली. चार वेळा फाडली, पाचव्यांदा लिहिली. विनूचं लिहिलं, चौदाव्या डब्याचं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की आपण सांगाल तसं करीन. सकाळी सरांच्या पेपरमध्ये घालून आलो.

संध्याकाळी सरांनी चिठ्ठी परत दिली. लाल पेनाने सगळं तपासलं होतं. अठरा चुका. 'स्टेशन' बरोबर लिहिलं होतं त्यावर एक बारीकशी बरोबरची खूण. आणि खाली, शाळेत वहीवर करतात तसं, 'पाहिले' आणि सही. बाकी काही नाही.

मी ती मेश्राम मॅडमना दाखवली. त्यांनी उभ्या उभ्या दोनदा वाचली आणि पदराने नाक पुसलं.

"मॅडम, पाहिले म्हणजे हो की नाही?"

"माह्या वहीवरबी सर तेच लिहत," मॅडम म्हणाल्या. "दहावी होईपर्यंत मले समजलं नाई."

*

शनिवारी तीनला हॉल भरला. बाहेरून जास्तीच्या वीस खुर्च्या आणल्या. मालतीकाकू पहिल्या रांगेत, हिंगणघाटच्या दोन बालमैत्रिणींना घेऊन. कौसल्याआजी तिसऱ्या रांगेत कडेला, नवं हिरवं लुगडं, नाकावर जाड चष्मा. सर त्या दिवशी वीस मिनिटं बोलले नाहीत. "चित्रपट पाहा," एवढंच म्हणाले आणि बसलेही नाहीत. दिव्याच्या बटणाजवळ भिंतीला टेकून उभे राहिले. निकाल जवळून पाहायचा असेल, असं मला वाटलं.

मी आदल्या दिवशी कॉपी तपासताना शेवट पाहिला होता. पाहून पाच मिनिटं बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

बाबा शेजारी बसले, मांडीवर फळी. त्या दिवशी ते पेंगले नाहीत. ठिपका आला, खट. ठिपका आला, खट. मी मनात मोजत होतो. मॅडमनी इंटरव्हल केला तेव्हा सात झाले होते. चहा मी घेतला नाही. नंतर आठ, नऊ, दहा. पडद्यावर आईचे केस पांढरे झाले. अकरा, बारा. पत्र आलं. आई स्टेशनवर आली. लांबून धूर दिसला. आई उठली, डबा छातीशी धरला आणि धावायला लागली.

कोपऱ्यात तेरावा ठिपका आला.

बाबांनी बटणावरून हात उचलला.

माझं बोट लॅपटॉपवर होतं. ते कसं खाली गेलं, मला आठवत नाही. पडदा काळा झाला. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "अय भाऊ, काय झा..."

तेवढ्यात सगळे दिवे लागले. सरांचा हात बटणावर होता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा त्यांचा आवाज आला. "समाप्त."

आणि सरांनीच पहिली टाळी वाजवली.

मॅडम तोवर माइकपाशी पोचल्या होत्या. "पोरगा घरी आला हो. बाहेर चहा हाय, सगळ्यांनी घेऊन जाजा."

मालतीकाकू उभ्या राहिल्या, मैत्रिणींकडे पाहिलं, मग सरांकडे वळल्या. "काय म्हनलं होतं मी?"

सर चष्मा पुसत होते. पाच वर्षांत मी त्यांना एक स्वल्पविरामही सोडताना पाहिलं नाही. "तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "माझ्याच लक्षात चुकीचं राहिलं."

"चाळीस वर्सं?"

"चाळीस वर्षं. उद्यापासून चहा मी करतो."

कौसल्याआजी बायांच्या घोळक्यातून हसत बाहेर गेल्या. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, नेहमीच्या जागी, पण या वेळी हळू.

"जोड बराबर झाला," ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी हॉल उघडला. रविवारचा शेवटचा खेळ अकराला होता. खुर्च्या सरळ करायच्या, जाळी झटकायची, वायरी पाहायच्या. बाबा समोरच्या सलूनमध्ये बसलेले दिसले, तोंडाला फेस.

कौसल्याआजी एकट्या आत आल्या. कालच्याच खुर्चीत बसल्या.

"बाबा दाढीले बसले," त्या म्हणाल्या. "अर्धा घंटा लागते त्याइले. तू ते उरलेलं लाव."

"कोणतं, आजी?"

"चौदावा डबा."

मी हातातली वायर टेबलावर ठेवली.

"अरे, तो सिनेमा पाह्यल्यावर दुपारचा भाकरीचा डबा मीच नेऊन देत होती ना टॉकीजवर. त्या खोलीत सिनेमाचे डबे ओळीनं ठेवलेले राहत. तेरा रोज उघडत, अन् एकावर धूळ. मले लिहता येत नाई, पन मोजता येते."

"मग तुम्ही कधी काही बोलल्या नाहीत?"

"काय बोलू?" त्यांनी पदर नीट केला. "ते काय सांगतात? माह्यासाठी केलं म्हनतात?"

"हो."

"म्हनू दे," आजी म्हणाल्या. "लाव तू. अर्ध्या घंट्यात होते ना?"

मी दार लोटलं, पडदे ओढले आणि लावलं.

गाडी थांबली. एक मुलगा उतरला, तिचा नाही, दुसराच. हातात ट्रंक. त्याने ती आईच्या पायाशी ठेवली आणि मान खाली घातली. आई ट्रंकेकडे पाहत राहिली. किती तरी वेळ पडद्यावर दुसरं काही नाही, फक्त ती आणि ट्रंक. गाडी निघून गेली. मग आई बाकावर बसली. त्या मुलाला हात धरून शेजारी बसवलं. डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडात घातला. तो रडत रडत खात होता आणि ती घास करत होती.

आजी रडल्या नाहीत. पुढे वाकून पाहत होत्या.

"सगळं खाल्लं त्यानं?"

"हो आजी. आता रिकामा डबा दाखवतील."

रिकामा डबा दाखवला. मग 'समाप्त'ची पाटी आली आणि सिनेमा संपला.

आजी मागे टेकल्या. "पन्नास वर्सं मी इचार करून राह्यली," त्या म्हणाल्या, "का त्या मायनं एवढं बांधून आनलेल्या भाकरीचं काय झालं असन."

दार उघडलं. बाबा उभे होते, कानाच्या पाळीला थोडा साबण राहिलेला.

"इथं काय करून राह्यली?"

"चष्मा राह्यला होता कालचा," आजी म्हणाल्या. "तो पाहाले आली."

बाबांनी आजींकडे पाहिलं. मग माझ्या टेबलाकडे पाहिलं, प्रोजेक्टरचा पंखा अजून फिरत होता. मग पुन्हा आजींकडे.

"कोन्या रांगेत?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या."

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली वाकले. मीही वाकलो. आम्ही दोघांनी तिसरी रांग पाहिली, मग चौथी, मग पाचवी. चष्मा आजींच्या डोळ्यांवर होता.